तांबडी डावीकडे ओढते

काटेकाकांची मोटरसायकल डावीकडे ओढत होती. एक-दोन दिवस नव्हे, चांगले आठ महिने. आणि या आठ महिन्यांत काकांनी ही गोष्ट जगात एकाच माणसाला सांगितली होती, तीही अर्धीच.

काटेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बाजारातल्या झाडून सगळ्या दुकानांचे वजनकाटे तेच तपासायचे, तेच दुरुस्त करायचे, म्हणून काटेकाका. त्यांच्या वडिलांनाही लोक काटेकाकाच म्हणायचे. धंद्याबरोबर नावही आयतंच मिळालं, त्यात यांची काही कर्तबगारी नव्हती. वय सत्तावन्न. अंगानं किरकोळ, पण आवाज दुकानातून मागच्या गोदामापर्यंत पोचणारा. गाडीचा रंग तांबडा, म्हणून गाडीचं नाव तांबडी. नावं ठेवताना या घराण्यानं डोकं कधी शिणवलं नाही.

तांबडी अठरा वर्षांची. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या दोन पेट्या. डाव्या पेटीत तपासणीची वजनं: एक दहा किलोचं, एक पाचाचं, दोन दोन-दोन किलोंची आणि एक किलोचं. झाले वीस किलो. उजव्या पेटीत हत्यारं. पेट्या गाडीला बोल्टांनी पक्क्या आवळलेल्या, वर कुलपं. ही वजनं संध्याकाळी घरात न्यायची आणि सकाळी परत आणायची हा उद्योग काकांनी पहिल्याच वर्षी बंद केला. कमरेनं तसं बजावूनच सांगितलं होतं.

आता गाडी ओढते म्हणजे काय, तर सरळ रस्त्यावर हँडल जरा सैल सोडलं की तांबडी हळूच डावीकडे कलायची. हट्टी म्हशीसारखी. मग उजव्या हातानं तिला रेटून धरायचं. दिवसभर असं रेटून रेटून संध्याकाळी काकांचा उजवा खांदा भरून यायचा. जेवताना घास तोंडाकडे नेतानासुद्धा कळ यायची, पण बोलायची सोय नव्हती. बोललं असतं तर पुढचा प्रश्न आला असता.

तो पुढचा प्रश्नच काकांना नको होता. गाडी एका बाजूला ओढते याचे काकांच्या हिशेबी दोनच अर्थ. एक, गाडी बिघडली. दोन, चालवणारा बिघडला.

दुसऱ्या अर्थाची काकांना धास्ती होती, आणि त्याला कारण होतं. वडिलांचे, म्हणजे घरच्या दादांचे, हात छप्पन्नाव्या वर्षी कापायला लागले. आधी कुणाला कळलंच नाही. वडील संध्याकाळी खिडकीशी बसायचे, हात पुढे धरायचे आणि हाताच्या पाठीवर वर्तमानपत्राचा एक कपटा ठेवून बघत राहायचे. कपटा थरथरायचा. हे बघताना पोरगा दारात उभा आहे हे त्यांना दिसायचं नाही. पुढे एका दुकानात त्यांच्या हातातून वजन सटकलं आणि काच फुटली. पुढच्या महिन्यापासून ते दुकान दुसऱ्याकडे गेलं. मग दुसरं, मग तिसरं. शेवटची सहा वर्षं माणूस एका हातानं दुसरा हात धरून खुर्चीत बसून होता. बाजारात आवाज घुमवणारा माणूस तो, घरात पाणी मागायचीसुद्धा त्याला लाज वाटायची.

म्हणून गेले आठ महिने आपले काका रोज सकाळी आंघोळीला जाताना वर्तमानपत्राचा एक कपटा फाडून बरोबर न्यायचे. कडी लावायची, हात पुढे धरायचा, कपटा ठेवायचा. कपटा कधी हलायचा नाही, कधी हलल्यासारखा वाटायचा. खिडकीतून वारा आला असेल, असं म्हणायचं आणि नळ सोडायचा.

अर्धी गोष्ट ज्याला सांगितली तो मिस्त्री. गॅरेजवाला, काकांचा शाळेपासूनचा दोस्त, तोंडाचा फटकळ. "गाडी ओढते," एवढंच काकांनी सांगितलं. मिस्त्रीनं पेट्या उतरवायला लावल्या, कारण पेट्या असल्या की त्याला चाक नीट बघता येत नाही. मग चाकं तपासली, पुढचा फोर्क तपासला, टायर बदलून बघितले. स्वतः दोन चकरा मारून आला.

"गाडीत काही नाही," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "लेका, तुझाच भास आहे."

"भास कसा? मला रोज ओढते."

"मग रोजचा भास आहे."

महिन्यानं काका परत गेले. परत पेट्या उतरवल्या, परत तपासणी, परत तेच. मिस्त्री जाता जाता सहज म्हणाला, "डोळे-बिळे तपासून घे एकदा. वय झालं आपलं." तो बोलला आणि विसरला. काकांना मात्र ते वाक्य दोन दिवस घशाखाली उतरलं नाही.

त्यात ती खांबाची भानगड झाली. घरी काकू पडदे शिवायच्या. रविवारी कापडबाजारात जाऊन कापडाचे तागे आणायचे, हा दोघांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. काका पुढे, काकू मागे, तागा दोघांच्या मध्ये. त्या रविवारी धान्याच्या दुकानासमोरच्या वळणावर तांबडी अशी काही कलली की खांबाला घासूनच गेली. काकूंचं कोपर सोललं, फिकट निळा तागा गटारात. लोक जमले. काकू गटारातला तागा उचलत सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ही गाडी काढा. ती काढेपर्यंत मी बसनं जाईन, मग भले तागे डोक्यावर न्यावे लागोत."

आणि बाई शब्दाची पक्की. पाच रविवार बसनं गेली. काखेत तागा घेऊन थांब्यावरून चालत येणारी बायको काकांना वरच्या खिडकीतून दिसायची, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी काका वकिलाकडे गेले. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, जुन्या गाड्या विकणारा. पस्तिशीचा, गुळगुळीत, प्रत्येक खटाऱ्याची बाजू अशी मांडायचा की ऐकणाऱ्यानं खटाऱ्याची माफी मागावी. म्हणून वकील. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक काळी मोटरसायकल उभी होती. सहा वर्षं वापरलेली, इंजिन जरा मोठं, सीट रुंद.

"काका, या गाडीचा आधीचा मालक रडत रडत गेला," वकील म्हणाला.

"गाडी द्यावी लागली म्हणून, की घेतली होती म्हणून?"

वकील हसला. "बसा तरी. बसायला पैसे पडत नाहीत."

काका काळीवर बसले. शेडमधून बाहेर काढली, मागच्या मोकळ्या रस्त्यावर नेली आणि जीव मुठीत धरून हँडल सैल सोडलं. काळी सरळ गेली. अहो, सरळ! डावी नाही, उजवी नाही. काकांनी दोनदा, तीनदा, पाचदा करून बघितलं. खांदा कसा पिसासारखा हलका. म्हणजे दोष तांबडीत होता! आपला हात ठणठणीत आहे! सत्तावन्न वर्षांचा हा गृहस्थ भर रस्त्यात एकटाच मोठ्यानं "शाब्बास!" म्हणाला. ती शाबासकी काळीला होती की स्वतःला, कोण जाणे.

तिथल्या तिथे सौदा झाला असता. तांबडी द्यायची, वर थोडे पैसे घालायचे, काळी घरी न्यायची. पण जन्म तपासण्यात गेलेला माणूस. काका म्हणाले, "एक दिवस मला कामावर वापरू दे. तोवर माझी तांबडी तुझ्याकडे राहील. आणि उद्या संध्याकाळी पाचला आमची ही येईल बघायला. तिनं हो म्हटलं की झालं."

"काकूंनी हो म्हणायचं म्हणजे खरी परीक्षा तीच," वकील म्हणाला. पण तयार झाला. त्यानं स्वतः पाना घेऊन तांबडीच्या दोन्ही पेट्या सोडवल्या आणि काळीला आवळून दिल्या. डावीकडे वजनं, उजवीकडे हत्यारं. सवयीप्रमाणे. तोवर उशीर झाला होता, म्हणून काळी सकाळीच न्यायची ठरवून काका बसनं घरी गेले.

त्या संध्याकाळी काका घरी काळीची गोष्ट सांगताना थांबेचनात. काकू पलंगाखाली झाडत होत्या. काकांनी तिथे आपली जुनी हत्यारं ढकलून ठेवली होती, त्यांना झाडू अडला. "या लोखंडाचं काहीतरी करा, बोट फुटायचं एखाद्या दिवशी माझं," असं म्हणत त्या उठल्या आणि म्हणाल्या, "बरं, येते उद्या पाचला. बघू तुमची काळी."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका शेडमधून काळी घेऊन शीळ घालत निघाले. ती शीळ पहिल्या चौकापर्यंत टिकली.

चौकाच्या पुढे रस्ता सरळ होता. हँडल जरा सैल झालं, आणि काळी हळूच डावीकडे कलली.

काकांना आधी खरंच वाटेना. त्यांनी गाडी थांबवली, चाकात हवा बघितली, परत निघाले. परत डावीकडे. तस्संच. तोच हट्ट, तोच खांदा, तीच कळ. गाडी बदलली तरी ओढ तीच! मग आता दोष कुणात राहिला? काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली नाही की काही नाही. त्यांना दिसली ती वडिलांची खिडकीशी ठेवलेली खुर्ची.

पण कामाला खाडा करायची घराण्यात पद्धत नव्हती. पहिलं काम नेमकं त्या धान्याच्या दुकानात. दुकानदार हातघाईवर आलेला. "काटेकाका, हा काटा माझं दिवाळं काढणार. गिऱ्हाइकाला जास्त माल जातोय. फेकून देतो आणि नवा घेतो."

"आधी काटा रिकामा करा," काका म्हणाले.

"रिकामाच आहे की!"

"ही परात काढा वरची."

"ती कायमच असते हो काका."

"असू दे. काट्याला दोष द्यायच्या आधी काटा रिकामा करायचा." हे वडिलांचं वाक्य. काकांनी ते आयुष्यात हजार वेळा म्हटलं असेल. परात निघाली. काकांनी काटा फडक्यानं पुसला, तबकाच्या चारही कोपऱ्यांवर आळीपाळीनं वजन ठेवून बघितलं. काटा अगदी चोख. मग नेहमीचा दुसरा प्रश्न: "काय बदललं इतक्यात?"

दुकानदारानं डोकं खाजवलं. "काही नाही. हां, परात बदलली गेल्या आठवड्यात. जुनी गळकी झाली होती. ही हलकी आहे जरा."

"आणि काट्यात वजा अजून जुन्या परातीचं वजन होतंय. गिऱ्हाइकं खूश असतील!"

दुकानदार कपाळावर हात मारून हसला. काकांनी बटण दाबून नव्या परातीवर काटा शून्यावर आणून दिला. एरवी अशा वेळी ते दुकानदाराची चांगली दहा मिनिटं फिरकी घेत. आज नुसते पेटी बंद करून निघाले. दुकानदार मागून म्हणालासुद्धा, "काका, तब्येत बरी आहे ना?"

दिवसभर काकांनी सात काटे केले. प्रत्येक ठिकाणी वजन ठेवताना ते स्वतःच्या हाताकडे बघत होते. हात नीट चालत होता. पण वडिलांचाही सुरुवातीला चालतच होता की. दुपारी एका कट्ट्यावर बसून त्यांनी डबा उघडला आणि तसाच झाकून ठेवला. काळी घ्यायची की नाही हा प्रश्नच आता उरला नव्हता. काळी घेऊन करायचं काय? तांबडी ठेवून करायचं काय? ज्याचा हात गेला त्यानं दोन्ही सोडाव्यात, आणि बायकोला मागे बसवायची हौस तर आधी सोडावी. त्या दिवशी खांबाऐवजी समोरून ट्रक असता तर? असा विचार येताच काकांनी डोळे गच्च मिटून घेतले.

पाचला ते शेडमध्ये पोचले. वकील तांबडीवरून नुकताच उतरत होता.

"काका, खरं सांगू? धंद्याच्या विरुद्ध बोलतोय. ही कशाला विकताय? मी आज दिवसभर फिरवली. बाण आहे बाण! हात सोडून चालवली तरी रेघ मारल्यासारखी जाते."

झालं. उरलीसुरली आशाही वकिलानं प्रेमानं मोडून टाकली. मिस्त्रीच्या हातात सरळ, वकिलाच्या हातात सरळ, फक्त आपल्याच हातात वाकडी. काका काळीवरून उतरले, किल्ली वकिलाच्या हातात ठेवली.

"काळी नको मला."

"का? काय झालं? बरं, दोन पैसे कमी करतो."

"तसं नाही रे."

"मग पेट्या सोडवून देतो, थांबा. आठ बोल्ट आहेत, अर्धा तास लागेल."

"राहू दे. उद्या बघू." उद्यासुद्धा त्या पेट्या न्यायला यायचं काय कारण, असं मनात आलं. तोंड फिरवून ते शेडच्या बाहेर आले, तर समोर बसमधून उतरून काकू येत होत्या. केसांत दोऱ्याचा तुकडा अडकलेला, हातात पिशवी, चेहऱ्यावर गाडी बघायला आलेल्या माणसाची ऐट.

"कुठाय तुमची काळी? आणि चेहरा असा का? पडलात?"

"नाही."

"मग?"

आठ महिने दाबून ठेवलेली गोष्ट अशी शेडच्या दारात, जुन्या टायरांच्या ढिगाशेजारी बाहेर पडली. "अगं, गाडीत काही नाही. काळीपण माझ्या हातात डावीकडेच जाते. दोष माझ्यात आहे. माझा हात गेला. दादांचा गेला होता तसाच."

काकूंनी पिशवी खाली ठेवली, काकांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, सुलटा केला, जणू कापडाचा पोत बघताहेत. मग तांबडीकडे गेल्या आणि सीटवरची धूळ पदरानं झटकली.

"काढा गाडी. घरी जाऊ."

"अगं, ऐकलंस ना मी काय म्हणालो? बसनं जाऊ आपण."

"मी आत्ताच बसनं आलेय. धक्के खाऊन जीव गेला माझा. काढा म्हणते ना."

वकील दारात उभा राहून दोघांकडे बघत होता. या खटल्यात आपलं काही काम नाही हे त्याला बरोबर कळलं.

काकांनी तांबडी सुरू केली. मागे काकू बसल्या. पाच आठवड्यांनी त्यांचा हात काकांच्या खांद्यावर पडला, आणि काकांना एवढं भरून आलं की आधी आरसा पुसावा की डोळे, हे कळेना. गाडी अगदी हळू, पायी चालणाऱ्यानं मागे टाकावं इतकी हळू निघाली. उजवा हात घट्ट, खांदा ताठ, आता कलेल, मग कलेल.

शेडच्या रस्त्यावरून तांबडी मोठ्या रस्त्याला लागली. तरी कलेना.

काका इतके रेटून बसले होते की उलट गाडी उजवीकडे जाऊ लागली. त्यांनी हात जरा सैल केला. गाडी सरळ. आणखी सैल केला. सरळ! पुढे-मागे कुणी नाही असं बघून त्यांनी दोन्ही हातांची बोटं हँडलवरून क्षणभर उचलली.

"अहो! काय करताय!" काकूंनी त्यांचा खांदा असा आवळला की दुखरी कळ जागी झाली.

काकांनी गाडी कडेला घेतली, पाय टेकले. "सरळ गेली."

"रस्ता सरळ आहे, तर गाडी सरळ नाही जाणार तर काय?"

"अगं, माझ्या हातात सरळ गेली! माझ्या!" काका खाली उतरले, तांबडीभोवती एक चक्कर मारली. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. आज पिंढरीला पत्रा घासला नव्हता. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना काही नव्हतं, नुसते बोल्टांचे गंजके डाग. अठरा वर्षांत तांबडी पेट्यांशिवाय त्यांनी कधी चालवलीच नव्हती. मिस्त्रीनं चालवली ती पेट्या उतरवून. वकिलानं चालवली तीही पेट्या उतरवून. आणि काळी पहिल्या दिवशी सरळ गेली तेव्हा तिला तरी पेट्या कुठे होत्या?

"रिकामी आहे," काका पुटपुटले. "गाडी रिकामी आहे म्हणून."

"पण पेट्या तर अठरा वर्षं आहेत. ओढायला लागली आत्ता," काकू म्हणाल्या. बाईनं मुद्द्याचं विचारलं.

"तेच तर. काय बदललं? आठ महिन्यांत काय बदललं?"

काकूंनी कंबरेवर हात ठेवले. "मला विचारताय? आठ महिने मला पलंगाखाली धड झाडता येत नाहीये, एवढंच बदललंय. ती तुमची ऐरण, ते हातोडे, कानशी, सगळी जडशीळ पेटी तिथे ओतलीत तेव्हापासून."

काका आ वासून बघतच राहिले.

पूर्वी दुकानांतून लोखंडी दांडीचे काटे असायचे. त्यांच्या दुरुस्तीला ऐरण लागायची, हातोडे लागायचे, घासायला कानशी लागायच्या. उजवी पेटी या सगळ्यानं भरलेली. शेवटचा दांडीचा काटा गेल्या वर्षी मोडीत निघाला, तेव्हा काकांनी म्हटलं, उगाच गाडीला भार कशाला? सगळं काढून पलंगाखाली. आता उजव्या पेटीत चार पेचकस, तारा जोडायला डाग द्यायची एक सळई आणि एक फडकं. आणि डाव्या पेटीत पुरे वीस किलो. पारड्यात एका बाजूला दगड आणि दुसऱ्या बाजूला पीस ठेवून हा माणूस आठ महिने पारड्याला जाब विचारत होता!

"अगं, मी कोण आहे?" काकांनी विचारलं.

"म्हणजे?"

"माझा धंदा काय?"

काकूंना आधी कळलं नाही. मग कळलं. मग त्यांना हसू असं फुटलं की तोंडावर पदर धरून त्या तांबडीच्या सीटवर आडव्याच झाल्या. "साऱ्या बाजाराला तोल शिकवता," एवढंच त्यांना कसंबसं म्हणता आलं, पुढचं हसण्यात वाहून गेलं. काकाही हसायला लागले, आणि हसता हसता रडायला लागले, आणि दोन्हीतलं काय चाललंय हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. रस्त्यानं जाणाऱ्या एका सायकलवाल्यानं थांबून विचारलं, "गाडी बंद पडली का?"

"नाही हो," काका नाक पुसत म्हणाले, "चालू झाली!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काका ऐरण आणि हातोडे पोत्यात भरून वकिलाकडे गेले. वकिलानं पेट्या सोडवल्या, तांबडीला परत लावल्या.

"काळीत दोष काय निघाला तेवढं तरी सांगा," वकील म्हणाला. "पुढच्या गिऱ्हाइकापासून लपवायला बरं."

"काळीत काही दोष नाही. तांबडीतही नाही."

"मग कुणात?"

"ते सांगितलं तर माझा धंदा बसेल," काका म्हणाले. मग त्यांनी दहा किलोचं वजन डावीकडे राहू दिलं, बाकीची उजव्या पेटीत हलवली. पोत्यातली ऐरण आता लागणारच नव्हती. ती परत घरी नेली, पण पलंगाखाली नाही, माडीवर. चढवताना कमरेनं पुष्कळ तक्रार केली, काकांनी ऐकली नाही. मिस्त्रीला यातलं अक्षरही सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं, आणि संध्याकाळी जाऊन सगळं सांगून टाकलं. मिस्त्रीनं पुढचा महिनाभर भेटेल त्याला ती गोष्ट ऐकवली.

रविवारी सकाळी कापडबाजाराला जायचं होतं. काका वर्तमानपत्र वाचत चहा घेत होते. मग उठून, टॉवेल खांद्यावर टाकून, आंघोळीला निघाले.

"आज कपटा नाही फाडलात?" काकू सुईत दोरा ओवत म्हणाल्या.

काका जागच्या जागी थबकले. "तुला माहीत होतं?"

"आठ महिने रोज कोपरा फाटलेला पेपर वाचतेय मी. राशिभविष्य अर्धंच मिळायचं मला." त्यांनी दोऱ्याला गाठ मारली. "आणि आठ महिने तुमची चहाची बशी बघतेय. एक थेंब सांडलेला नाही कधी. मला तर पक्कं वाटत होतं गाडीतच बिघाड आहे म्हणून."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

काका परत येऊन खुर्चीत बसले. "पण त्या दिवशी शेडपाशी मी म्हणालो, हात गेला. तरी तू मागे बसलीस. का?"

काकूंनी सुई कापडात टोचून ठेवली. "तेव्हा मला वाटलं, खरंच गेला असेल. तुम्हाला एवढं रडकुंडीला आलेलं मी कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, आता हा माणूस परत कधी गाडी चालवणार नाही. मग शेवटची चक्कर एकट्यानं का मारायची त्यानं? पडलो असतो तर दोघं पडलो असतो."

काका नुसतं "बरं" म्हणाले आणि टॉवेल घेऊन उठले.

"लवकर आटपा," काकूंनी मागून आवाज दिला. "दोन तागे आणायचेत आज. एक डावीकडे बांधा, एक उजवीकडे."